डाव्या चाकाचा नट

धुकं पहाटेपासून उतरलं होतं आणि सात वाजले तरी उठायचं नाव घेत नव्हतं. शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, तेही इतकं रेंगाळत की एक थेंब पडला की दुसऱ्याची वाट बघत बसावं. मामा साडेसहालाच येऊन बसले होते. उपडा डबा, डब्यावर पोत्याची घडी, घडीवर मामा आणि मांडीवर वर्तमानपत्राच्या तुकड्यात स्पार्क प्लग. तारेच्या ब्रशने ते प्लगच्या टोकावरची काजळी खरवडत होते. एरवी पाच मिनिटांचं काम. आज अर्धा तास चाललं होतं, कारण दुसऱ्या कशाला हात लावायची त्यांना मनाई होती.

मनाई केली होती सख्ख्या भाच्याने.

"मामा, आज तुम्ही फक्त बसायचं. हात लावायचा नाही. आणि हे असं नाही, ते तसं नाही, हेही चालू करायचं नाही. एक दिवस. जमेल?"

"तोंडाला कुलूप लावू का?"

"लावा. आणि किल्ली माझ्याकडे द्या."

भाचा हसला होता. मामा हसले नव्हते.

मामा म्हणजे सगळ्या गावाचे मामा. भाचा लहानपणी हाक मारायचा, ती शेजाऱ्यांनी उचलली, मग पंपहाऊसमधल्या लोकांनी, आणि शेवटी जुन्या यंत्रांच्या मंडळाने. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपहाऊसमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. चालू पंपावर तळहात ठेवला की आतलं बेअरिंग आठवडा काढेल की महिना, हे सांगायचे. आवाज ऐकून नाही, कारण त्या घरघराटाने कान तिशीतच अर्धे गेले होते. सगळं ज्ञान तळहातात. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. गल्लीच्या पलीकडे दोन खोल्या आणि अलीकडे ताईचं घर, एवढाच त्यांचा प्रवास. सोमवार ते शनिवार पंप आणि रविवारी ताईच्या घरामागची ही शेड. शेडमध्ये दाजी आणि ठेंगणी.

दाजी म्हणजे ताईचे यजमान, भाच्याचे वडील. आणि ठेंगणी म्हणजे बागेत गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर, माणसाच्या कमरेएवढा, एकाच सिलिंडरचा. तेवीस वर्षांपूर्वी या दोघांनी तो दोन मेलेल्या मशीनांतून उभा केला. पुढचा भाग एका शाळेच्या बागेतला, जळालेला. मागचा भाग भंगारवाल्याच्या ढिगातला, दुसऱ्याच कंपनीचा. दोघांचं लग्न लावायला सतरा रविवार लागले. दाजी शांत माणूस, छापखान्यात अक्षरं जुळवून आयुष्य काढलेला. मामा तापट. एक बिघडवायला निघाला की दुसरा सावरायचा. कोण कुठला, ते ताईला विचारावं.

त्या सतरा रविवारांतला एक सगळ्यांना पाठ होता. मागचं डावं चाक काढायचं होतं. एकच मोठा नट, चाकाच्या मधोमध. दोघांनी पाना लावला, हलेना. पान्याला हातभर लांब पाइप अडकवला, तरी हलेना. मग मामा पाइपावर उभे राहिले आणि दाजींनी त्यांना खांद्याने खाली दाबलं. सकाळी नऊला सुरू केलं, दुपार झाली. घामाने दोघं निथळत होते आणि एकमेकांच्या अकलेचे वाभाडे काढत होते. ताई चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दुसरीकडे फिरवून बघा की."

"ताई, नट कुठल्या बाजूला सुटतो हे तू मला शिकवणार? मला?"

"नाही बाई. मी आपलं म्हटलं. चहा गार होतोय."

ती आत गेल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि पाना दुसरीकडे फिरवला. नट लोण्यासारखा सुटला. उलटे आटे होते त्याचे. सगळं जग ज्या बाजूला आवळतं त्या बाजूला तो सुटायचा, आणि जग सुटतं म्हणतं तिकडे आवळायचा. सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे. फिटरने आयुष्यभर मिरवावी अशी फजिती. दाजींनी त्याच दिवशी नटावर लाल रंगाचा ठिपका काढला. "लाल म्हणजे उलटा," ते म्हणाले. "तुझ्यासारखा."

सायकलच्या पेडलचं निघालं म्हणून सांगायचं. भाचा सात वर्षांचा असताना आपल्या सायकलचं डावं पेडल बसवत होता, आणि जोर लावून चुकीच्या बाजूला. आटे चिरडले. मामांनी चार माणसांत त्याच्या कानाखाली ओढली. "डोकं आहे की मडकं?" पोराने पाना खाली ठेवला आणि त्यानंतर तो शेडमध्ये फिरकलाच नाही. पुढे झाडांच्या नादी लागला, शिकला, मोठ्या रस्त्यावर नर्सरी टाकली. मामा म्हणायचे, त्याला यंत्रातलं काही कळत नाही. का कळत नाही, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

मागच्या वर्षी दाजी गेले. दोन महिन्यांनी भाच्याने बोलता बोलता सांगितलं की ठेंगणीला नर्सरीच्या दारात उभी करायची. बॉनेट उघडून आत माती भरायची, फुलं लावायची. लोक थांबून फोटो काढतील.

मामांनी कप खाली ठेवला. "तिच्या पोटात माती घालणार?"

"मामा, नुसती पडून आहे. गंजून जाईल."

"पडून नाही, बसून आहे. फरक असतो. मीही बसूनच आहे. माझ्याही तोंडात झेंडू लाव."

दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी ताईने निवाडा केला. मंडळाची वार्षिक सफर जवळ आली होती. गिरणीच्या आवारातून तळ्यापर्यंत जायचं, तेवढंच परत, ज्याने त्याने आपापलं जुनं यंत्र चालवत. "ठेंगणी तळ्यापर्यंत जाऊन आपल्या चाकांवर घरी आली," ताई म्हणाली, "तर मी आहे तोवर ती शेडमधून हलणार नाही. नाही आली, तर फुलं लावा नाहीतर कांदे. मला पुन्हा विचारायचं नाही."

मामांनी मनात सफर जिंकूनही टाकली होती. मग मंडळाच्या अध्यक्षांचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा, फोन आला. रस्त्याची परवानगी मिळवायची तर सत्तरीच्या पुढच्या माणसाने चालवायचं नाही, अशी अट होती.

"तुम्ही एकाहत्तर ना, मामा? मग तुम्ही टेम्पोत. हत्यारांची पेटी तुमच्या ताब्यात. कुणाचं काही अडलं तर तुम्हीच देव. मामांना मामा बनवणारं इंजिन अजून निघायचंय!"

चालवणार भाचा. ज्याला ती नको होती, तो. आणि त्याने हौसेने आठ दिवस खपून तिला रंग दिला होता. पोपटी. चाकं, मडगार्ड, बॉनेट, नट, सगळं पोपटी. दाजींचा लाल ठिपका त्याखाली गेला होता. मामांनी रंग बघितला आणि एवढंच म्हणाले, "लग्न कधी आहे हिचं?"

तर ती ही सकाळ. भाच्याने नवा पाना आणला होता. हवा तेवढा जोर झाला की 'कट्ट' असा आवाज करून सांगणारा. तो एकेका चाकाशी बसत होता, पुस्तिकेत बघून आकडा लावत होता, आवळत होता. उजवं पुढचं, कट्ट. डावं पुढचं, कट्ट. उजवं मागचं, कट्ट. मामा प्लग खरवडत होते. मग भाचा मागच्या डाव्या चाकाशी आला, उकिडवा बसला, पाना लावला आणि इतर तीन चाकांसारखाच फिरवू लागला.

मामांचा ब्रश थांबला.

सांगायला तीन शब्द पुरले असते. उलटा आहे तो. जिभेवर आलेही. तेवढ्यात भाच्याने मान न वळवता म्हटलं, "बोलायचं नाही ठरलंय हं, मामा. तुमचा श्वाससुद्धा मला चुका काढल्यासारखा ऐकू येतो."

मामांनी तोंड मिटलं.

नट जुना, घट्ट बसलेला. भाच्याने दात खाऊन जोर लावला. नट कट्ट करून हलला, सुटतानाचा आवाज तो. पाव फेरा फिरला. भाच्याला वाटलं, पान्याने सांगितलं, झालं. त्याने वरून चकचकीत नवी टोपी ठोकून बसवली. आता नट दिसतही नव्हता.

मामा पुन्हा प्लग घासायला लागले. त्यांचा हिशेब साधा होता. फाटकापर्यंतसुद्धा जायचं नाही ते चाक. डुगडुगेल. मंडळातला बेकरीवाला, डॉक्टर, सगळे जमलेले असतील. भाचा उतरेल, टोपी काढेल, डोकं खाजवेल आणि मग म्हणावंच लागेल त्याला, मामा, बघा हो जरा. मग आपण टेम्पोतून सावकाश उतरायचं. घाई नाही करायची. पाना घ्यायचा, दुसरीकडे एकदाच ओढायचा. काय बोलायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. "पान्याला तोंड आहे, डोकं नाही. ते आपलं वापरायचं असतं." वाक्य त्यांना फार आवडलं. दोनदा मनात घोळवून बघितलं.

पण फाटकापर्यंत चाक डुगडुगलं नाही. गिरणीच्या आवारातही नाही. एक्सल निमुळता होता आणि चाक त्यावर वीस वर्षं घट्ट रुतलेलं. नटावाचूनही ते काही काळ तग धरणार, हे मामांच्या तळहाताने सांगितलं असतं. तळहात ठेवला नव्हता.

चौदा यंत्रांची रांग निघाली. धूर, फटफट, हसणं. ठेंगणी सातवी. मागे बेकरीवाल्याचा टेम्पो, त्यात हत्यारांच्या पेटीवर मामा. बेकरीवाला बडबड्या गडी. "मामा, पोरगं काय ऐटीत बसलंय बघा! दाजी असते तर..." मामा हूं म्हणत होते आणि नजर त्या पोपटी चाकावर. एक मैल. दोन मैल. चाक सरळ. मग किंचित, अगदी किंचित, बाहेरची कड झुलल्यासारखी वाटली. की टेम्पोच्याच हादऱ्याने? मामांनी चष्मा पुसला.

चढ संपला तिथे रांग पाणी प्यायला थांबली. भाचा थर्मास घेऊन थेट टेम्पोकडे आला. चेहरा लाल, केस धुळीने भरलेले, आणि मामांनी त्याला सात वर्षांचा असल्यापासून इतकं खूश बघितलं नव्हतं.

"मामा, काय पळते हो ही! बाबा मला कित्येकदा म्हणाले होते, एकदा बसून बघ. मी कधी बसलो नाही." त्याने झाकणात चहा ओतून मामांच्या हातात दिला. "फुलांचं राहू द्या. शेडमध्येच राहू दे हिला. आपण दोघं बघू रविवारी. शिकवाल ना? फक्त मारायचं नाही."

मामांच्या हातात झाकण होतं. चहा गरम होता. आता सांगता आलं असतं. पण डॉक्टर दोन पावलांवर उभे होते, बेकरीवाला कान देऊन ऐकत होता. काय सांगणार? तू आवळला नाहीस, सोडलास, आणि मी समोर बसून बघितलं? सकाळी सात वाजल्यापासून माहीत आहे मला? त्यांनी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली.

"उतारावर हळू घे," ते म्हणाले.

"घेतो!" भाचा धावत गेला.

उताराच्या तिसऱ्या वळणावर चाक निघालं. आधी टोपी उडाली, चमकली. मग चाक आरामात बाहेर सरकलं, सुटलं आणि ठेंगणीला मागे टाकून एकटंच रस्त्याने पळत सुटलं. लोक हसलेसुद्धा, क्षणभर. मग ठेंगणी डावीकडे बसली, एक्सल रस्त्यात घुसला, ती फिरली आणि कडेच्या दगडावर आदळली. भाचा गवतात फेकला गेला. आवाज मोठा नव्हता. बिडाचा गिअरबॉक्स तडकताना मोठा आवाज होत नाही, जाड कपबशी फुटावी तेवढाच. मामांना तो अर्ध्या कानांनीही ऐकू आला.

भाचा उठून बसला. मनगट धरलं होतं. ते मोडलंय हे बघूनच कळत होतं. काळं तेल रस्त्यावरून तळ्याच्या दिशेने निघालं होतं.

"जोडकाम शेवटी जोडकाम," डॉक्टर हळहळले. "दोन कंपन्यांची हाडं एकत्र. मी दाजींना म्हटलंही होतं."

"नट मी स्वतः आवळला होता," भाचा म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "कट्ट वाजेपर्यंत. मामा समोर होते. विचारा त्यांना. मामा?"

सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

"आवळला होता," मामा म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबवेना म्हणून पुढे म्हणाले, "आटे झिजले असतील. दाजींच्या काळचं काम."

डॉक्टरांनी समजुतीने मान हलवली. मेलेला माणूस काही उलटून बोलणार नव्हता.

नट रस्त्यातच पडला होता. कुणाच्या लक्षात यायच्या आत मामांनी तो उचलून खिशात टाकला.

संध्याकाळी भाचा प्लॅस्टर घालून झोपला होता. स्वयंपाकघरात ताई आणि मामा समोरासमोर बसले होते. नळ गळत होता.

"नट आहे तुझ्याकडे?" ताईने विचारलं.

मामांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला. ताईने चष्मा लावला, नट दिव्याजवळ धरला, करंगळी आत घालून गोल फिरवली. चौऱ्याहत्तर वर्षांचं बोट, पण ज्या घरात चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर कार्ब्युरेटर सुटे होत आले, त्या घरातलं.

"आटे तर शाबूत आहेत."

मामा नळाकडे बघू लागले.

तिने बाहेरच्या बाजूचा पोपटी रंग नखाने खरवडला. खालून लाल निघाला. ती त्या लाल रंगाकडे बघत राहिली.

"कुठल्या बाजूला फिरवत होता तो?"

"मला काय माहीत?"

"तू समोर होतास."

"धुकं होतं, ताई."

"शेडमध्ये?"

नळातून एक थेंब पडला. मग दुसरा.

ताई ओरडली नाही. ती ओरडली असती तर मामांना बरं वाटलं असतं, त्यांनी उलट चार शब्द सुनावले असते, तिला, भाच्याला, त्या वाजणाऱ्या पान्याला. तिने नट उचलला, सुयादोऱ्यांच्या डब्यात टाकला आणि डबा कपाटात ठेवून दिला.

"एका रविवारी तुम्ही दोघं सकाळभर भांडत होतात त्याच्यापायी," ती पाठमोरी म्हणाली. "तेव्हा निदान दोघांनाही माहीत नव्हतं."

पुढचे रविवार मामा शेडमध्ये गेले नाहीत. ठेंगणी ताडपत्रीखाली होती. तसला गिअरबॉक्स मिळेल का, म्हणून भाचा ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांना फोन करत होता. मिळणार नव्हता. तो मागचा भाग बनवणारी कंपनी मामांच्या तरुणपणीच बंद पडली होती, हे त्यांना ठाऊक होतं. भाच्याला ते सांगणंही राहूनच गेलं. फुलांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पाचव्या रविवारी ताईने निरोप पाठवला, नळ अजून गळतोय. मामा पिशवीत पाना आणि वायसर घेऊन आले. भाचा ओट्यापाशीच उभा होता, प्लॅस्टरचा हात गळ्यात.

"मामा, एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं उतारावर हळू घे. मी नाही घेतलं. मजा येत होती, म्हणून सोडली तिला. आटे झिजलेले असतील, पण हळू घेतलं असतं तर कदाचित... तुमची आणि बाबांची एवढी मेहनत. माफ करा मला."

ताई डाळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिने वर बघितलं नाही.

मामांनी भाच्याकडे बघितलं, मग ताईच्या थांबलेल्या हातांकडे. त्यांनी पिशवीतून पाना काढला.

"असू दे," ते म्हणाले. "होतं असं."

भाच्याने डावा हात त्यांच्या खांद्याला लावला आणि तो बाहेर गेला. ताईची बोटं पुन्हा डाळीत फिरू लागली. तिने खडा उचलून बाजूला टाकला, मग आणखी एक.

मामांनी ओट्याखाली वाकून पाण्याची मुख्य चावी बंद केली. खाली एक फडकं अंथरलं. नळाच्या नटाला पाना लावला, क्षणभर थांबले, आणि सोडायच्या बाजूला फिरवला. सरळ आट्यांचा नळ होता. सुटला. आतून झिजलेलं काळं वायसर निघालं, ते त्यांनी ओट्याच्या कडेवर ठेवलं आणि पिशवीत नवं शोधायला लागले.